खड्ड्यात चाक आपटल्यावर स्टेअरिंग तिरकं: अलाइनमेंट करून घ्यावी की आधी आणखी काही बघावं?

मनीषनगरकरीण
सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, २०१९ ची, ४३,००० किमी झालेली. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. रोजचा रस्ता नागपुरात मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी आणि परत.

गुरुवारी संध्याकाळी पावसात घरी येत होते. सिमेंट रोड संपून डांबर सुरू होतं त्या सांध्यावर पाणी साचलं होतं, खालचा खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक असं आपटलं की मागच्या सीटवरचा डबा खाली पडला. वेग ४० च्या आसपास असेल. बाजूला थांबून पाहिलं, चाकात हवा होती, रिम बाहेरून नीट दिसली, मग तशीच घरी आले.

तेव्हापासून दोन गोष्टी जाणवतात. गाडी सरळ जाते, पण सरळ जात असताना स्टेअरिंग थोडं उजवीकडे कललेलं असतं. आणि वर्धा रोडवर ७० च्या पुढे गेलं की स्टेअरिंगला बारीक थरथर येते. दोन्ही आधी नव्हतं.

आज ऑफिसजवळच्या एका दुकानात दाखवलं. गाडी वर न घेता, चाक न काढता त्यांनी सांगून टाकलं की अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) गेली आहे, दोन्ही लोअर आर्मही (चाकं खालून गाडीला धरून ठेवणारे दांडे) गेलेत, सगळं मिळून साडेसात हजार. खरंच गेले असतील तर करेन. पण न बघता कसं सांगितलं, हे मनातून जात नाही. शनिवारी आई-बाबांना घेऊन समृद्धीने शिर्डीला जायचंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ट्रेनची चढ-उतर नको म्हणून गाडी काढतोय. अलाइनमेंटच गेली आहे की दुसरं काही, हे मला घरच्या घरी तपासता येईल का?


रोजचा कामठी रोड
सोमवार, रात्री ९:३४

ताई, जास्त विचार नका करू. अलाइनमेंट-बॅलन्सिंग दोन्ही करून घ्या, लोअर आर्मचं आल्यावर पाहा. मी दर ५,००० किमीला करतो, शिवाय पावसाळा संपला की एकदा वेगळी.


बुटीबोरी शिफ्ट
सोमवार, रात्री १०:०५

दादा, करून घ्या हे बरोबरच आहे, पण ताईंनी विचारलंय ते "कळेल कसं". आणि इथे तक्रारी दोन आहेत, त्या एकत्र करू नयेत असं मला वाटतं.

स्टेअरिंग तिरकं राहणं हे अलाइनमेंटचं लक्षण. त्यातही टो चं. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांना जवळपास समांतर असायला हवीत. एकाचं तोंड जरा बाहेर किंवा आत वळलं की गाडी सरळ नेण्यासाठी आपल्याला स्टेअरिंग तेवढं उलट धरावं लागतं. धक्क्यानंतर लगेच स्टेअरिंग कललं म्हणजे टो हलला, यात मला फारशी शंका नाही.

थरथर मात्र टो ने येत नाही. ठरावीक वेगाला, म्हणजे ७०-८० पासून स्टेअरिंग थरथरतं ते चाक गोल नसल्यामुळे किंवा त्याचं वजन सगळीकडे सारखं नसल्यामुळे. रिमवर लावलेलं बॅलन्सिंगचं शिसं (छोटं वजन) उडालं असेल, रिम आतल्या कडेने वाकली असेल, नाहीतर टायरलाच काही झालं असेल. अलाइनमेंटच्या मशीनला यातलं काहीच दिसणार नाही. म्हणजे नुसती अलाइनमेंट करून निघालात तर स्टेअरिंग सरळ होईल आणि थरथर तशीच शिर्डीपर्यंत सोबत येईल.

उद्या सकाळी गाडी थंड असताना चारही चाकांची हवा बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. डाव्या चाकात ५-६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जरी कमी असली तरी गाडी डावीकडे ओढते, आणि लोक तिलाच अलाइनमेंट समजून पैसे देऊन येतात.


काळीमाती
सोमवार, रात्री १०:२२

थरथरीबद्दल एक भर. आमचं शेत उमरेड रोडला आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी आणली की चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा लोंदा चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळून दगडासारखा होतो. मूठभर माती एका बाजूला बसली तरी ८० ला स्टेअरिंग थरथरतं. दोन वर्षं मी याच्यासाठी बॅलन्सिंग करून राहिलो होतो. शेवटी एका पोराने चाक काढून आतून पाण्याचा फवारा मारला आणि थरथर गेली. तेव्हा ताई, आधी आतून धुऊन घ्या.


आउटर रिंग
सोमवार, रात्री १०:४०

गाडी ओढते का हे बघायची पद्धत लिहितो, कारण बहुतेक जण चुकीच्या रस्त्यावर बघतात. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हलकीशी डावीकडे जाते. तो दोष नाही.

मिहानमधला एखादा रुंद सरळ रस्ता घ्या, सकाळी लवकर, मागे-पुढे कोणी नसताना. ५०-६० चा वेग ठेवा. हात स्टेअरिंगवरून काढायचे नाहीत, फक्त पकड सैल करायची. मग उतार उलट्या बाजूला असलेल्या लेनमधून, म्हणजे रुंद रस्त्याच्या उजव्या कडेच्या लेनमधून, तसंच करा. दोन्हीकडे गाडी एकाच बाजूला गेली तर दोष गाडीचा. उताराप्रमाणे बाजू बदलली तर रस्त्याचा.

ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ते वेगळं प्रकरण, कॅलिपर (ब्रेक दाबून धरणारा भाग) अडकतो कधीकधी. गाडी थांबवल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्यावा, लावू नये. एक दुसऱ्यापेक्षा खूप तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहिला आहे असं समजा.


हिंगण्याचा फिटर
सोमवार, रात्री ११:१०

बेटा, मी ३१ वर्षं एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमध्ये होतो. आता रिटायर आहे. सगळ्यांनी ठीक लिहिलं, पण एक गोष्ट कोणी विचारली नाही. टायर आतून पाहिला का?

बाहेरून सगळेच पाहतात. खड्ड्याची धार लागते तेव्हा टायर रिम आणि धारेच्या मधे चेपला जातो, जसं दारात बोट सापडते तसा. रबर परत जागेवर येते. पण साईडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आत जे दोरे असतात ते तुटतात. मग तेवढ्या जागेवर आतली हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. कधी लगेच येते, कधी चार दिवसांनी. आणि पुष्कळदा आतल्या बाजूला येते, जिथे कोणाची नजरच जात नाही.

पाहायचं असं. डावं चाक पाहायचं आहे ना, तर स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरव. गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावून, इंजिन बंद. मग गाडीच्या समोर ये आणि खाली वाकून मोबाईलचा टॉर्च चाकाच्या आतल्या अंगाला मार. पण असं फक्त समोरचा अर्धा टायर दिसते. म्हणून गाडी अर्धं चाक फिरेल एवढी पुढे घे आणि पुन्हा पाहा. हात फिरवून पाहा. उंचवटा लागला तर फुगा. खळगा लागला, म्हणजे आत गेलेली रेघ असली, तर घाबरू नको. टायर बनवताना दोरे जिथे एकावर एक येतात तिथे तशी रेघ राहते.

आता लोअर आर्म. गाडी वर न उचलता लोअर आर्म गेला हे मी तरी कधी सांगू शकलो नाही. चाक जॅकवर घ्यायचं, खाली स्टँड लावायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिल जाणवली तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाकडे जोडणारा सांधा) नाहीतर बेअरिंग. डावी-उजवी बाजू धरून हलवलं आणि ढिल लागली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाकडे जिथे जोडला आहे तो सांधा. लोअर आर्मचे रबरी बुश पान्याने थोडं दाबून पाहावे लागतात, रबर चिरलं आहे की नाही ते डोळ्याने दिसते. हे काम गॅरेजवाल्याचं आहे, तू जॅक लावून एकटी खाली जाऊ नको. पण तुझ्या समोर करायला लाव आणि ढिल तुझ्या हाताला दाखवायला सांग. खरी ढिल असली तर दाखवायला कोणाला त्रास होत नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ते नुसतं माप आहे. माप धरून ठेवणारं सामानच ढिलं असलं तर आज मशीनवर हिरवं दिसेल आणि पहिल्या स्पीड ब्रेकरवर परत लाल होईल.


मनीषनगरकरीण
मंगळवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये अंधार होता, म्हणून सकाळी पाहिलं.

हवा: पुढचं डावं २७, उजवं ३३, मागची दोन्ही ३२. म्हणजे डाव्यात कमी आहे. चारही सारखी करून ऑफिसला जाताना मिहानकडून वळसा घेतला. हवा सारखी केल्यावर गाडी कुठेच ओढत नाही, पण स्टेअरिंग उजवीकडे कललेलं आहेच. थरथरही आहे.

काळीमाती दादा, गाडी रविवारीच धुतली होती, आतून माती नाही.

काका, घाईत होते, टायर समोरून एकदाच पाहिला. मला काही दिसलं नाही.


हिंगण्याचा फिटर
मंगळवार, सकाळी ८:१५

बेटा, अर्धाच पाहिला मग. दुसरा अर्धा पाहा. पाच दिवसांत एकाच चाकाची हवा ५-६ कमी झाली आहे, ते उगाच नाही. संध्याकाळी हवा पुन्हा मोज.


बुटीबोरी शिफ्ट
मंगळवार, सकाळी ८:२०

काकांशी सहमत. आणि ताई, संध्याकाळची हवा सकाळच्याशी तशीच तुलना करू नका. गाडी चालून टायर तापला की हवा वाढलेली दिसते. ढोबळमानाने दर ५-६ अंशांना १ पीएसआय. आल्यावर निदान तीन तास गाडी उभी राहू द्या, मग मोजा.


मनीषनगरकरीण
मंगळवार, रात्री १०:३०

सापडला.

बाबांना टॉर्च धरायला सांगितलं आणि गाडी हात-हातभर पुढे घेत गेले. तिसऱ्या वेळी आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला. हात लावला तर मऊ लागतो. त्याच्या बरोबर समोर रिमची आतली कडही जरा चेपलेली आहे, बहुतेक तिथूनच हवा जातेय. आज दिवसभरात २ पीएसआय उतरली.

गुरुवारपासून मी याच टायरवर वर्धा रोडने ७०-८० ने जातेय. काल रात्री कोणी आतून बघायला सांगितलं नसतं तर अलाइनमेंट करून, स्टेअरिंग सरळ झालं म्हणून समाधान मानून शनिवारी आई-बाबांना घेऊन निघाले असते. हात थरथरत होते पाहिल्यावर.

आता विचारायचं ते एवढंच: हा टायर मागे टाकून हळू चालवत जाता येईल का? आणि रिम सरळ करता येते का?


आउटर रिंग
मंगळवार, रात्री १०:४१

नाही ताई. मागेही नाही, स्टेपनी म्हणूनही नाही. दोरे तुटलेत, आतली हवा फक्त रबराच्या भरवशावर आहे. त्याला पॅच लागत नाही, व्हल्कनाइझिंगही होत नाही. आणि समृद्धीवर हळू चालवणं वाटतं तितकं सोपं नाही. नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून एकदा चढलं की शेकडो किलोमीटर सरळ सिमेंट, कारला मर्यादा १२० ची. काटा कधी १०० च्या वर गेला ते कळतही नाही. एकाच वेगाने तास-तास चालताना साईडवॉल सतत वाकत-सरळ होत तापते आणि दुबळी जागा तिथेच सुटते.

आज रात्रीच स्टेपनी लावा.


हिंगण्याचा फिटर
मंगळवार, रात्री १०:५०

रिम लोखंडी असली तर आतली थोडीशी चेपलेली कड ठोकून सरळ करता येते, करणारे आहेत इतवारी, लकडगंज भागात. बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहायची, डगमगली तर बदलायची. अलॉय असली तर ठोकू देऊ नको. अलॉय वाकत कमी, तडकते जास्त, आणि तडा रंगाखाली राहून जाते.

स्टेपनीत हवा आहे का ते आधी पाहा.


मनीषनगरकरीण
मंगळवार, रात्री ११:२५

रिम लोखंडीच आहे. स्टेपनीत १४ निघाली. सहा वर्षांत कधी मोजलीच नव्हती. शेजारच्या काकांकडे सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप होता, त्याने भरली आणि बाबांनी नि मी मिळून चाक बदललं. उद्या सकाळी गॅरेज.


संत्रा मार्केट
बुधवार, सकाळी ९:१०

ताई, विम्याचं विचारू नका म्हणून आधीच सांगते, मी यातून गेले आहे. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता टायर फुटला किंवा फुगला तर काही मिळत नाही. त्याच धक्क्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, तोही निम्म्या किमतीने. टायरचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी. टायर कंपनीची वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, खड्ड्याच्या माराला नाही.


मनीषनगरकरीण
बुधवार, रात्री ८:४५

आजचं सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, खामल्याकडे. आधीच सांगितलं, "अलाइनमेंटचं माप आधी घ्या, प्रिंट द्या, आणि काहीही बदलायचं असेल तर मला हाताने दाखवा." माणूस भला होता. गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. लोअर आर्मचे बुश टॉर्चने दाखवले, रबर शाबूत, पान्याने दाबलं तर हलत नाहीत. दोन्ही लोअर आर्म चांगले आहेत. डावं चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवलं तेव्हा मात्र बारीक कट-कट लागली. माझ्या हातालाही लागली. काका, अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे डावा टाय रॉड एंड. रॉड वाकलेला नव्हता.

मग मशीनवर. चारही चाकांना पाट्या लावल्या, गाडी थोडी मागे-पुढे ढकलली, समोरच्या कॅमेऱ्यांनी माप घेतलं. आधीची प्रिंट:

पुढचा डावा टो उणे २४ मिनिटं, लाल.
पुढचा उजवा टो अधिक २ मिनिटं, हिरवा.
कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) दोन्हीकडे हिरवा, डाव्या-उजव्यात ५ मिनिटांचा फरक.
मागची चाकं हिरवी.

एंड बदलला, टो दोन्हीकडे अधिक ३ वर आणला, स्टेअरिंग सरळ बांधून. दुसरी प्रिंटही दिली. रिम ठोकून घेतली, मशीनवर सरळ फिरली.

सगळं मिळून, टायर सोडून, दोन हजारांच्या आत झालं. पहिल्या दुकानाचं एक खरं होतं, अलाइनमेंट गेली होती. पण त्यांच्याकडे दोन चांगले लोअर आर्म काढून नवीन बसले असते आणि फुगा तसाच राहिला असता.


रोजचा कामठी रोड
बुधवार, रात्री ९:००

२४ मिनिटं म्हणजे किती? वेळेचं काय माप आहे हे?


बुटीबोरी शिफ्ट
बुधवार, रात्री ९:२६

दादा, ही कोनाची मिनिटं. १ अंशाची ६० मिनिटं. २४ म्हणजे अर्ध्या अंशापेक्षाही कमी, डोळ्याला अजिबात दिसणार नाही. उणे म्हणजे चाकाचं तोंड बाहेर वळलेलं.

पण हिशोब करून पाहा. ताईंचं डावं चाक २४ मिनिटं बाहेर, उजवं २ मिनिटं आत. दोन्ही मिळून २२ मिनिटं बाहेर. गाडी सरळ जाते तेव्हा हे दोन चाकांत वाटलं जातं, प्रत्येकी ११. एवढ्याशा कोनाने चाक किलोमीटरमागे सुमारे ३ मीटर आडवं घासत जातं. १०,००० किमी चालवली तर ३० किमीहून जास्त आडवं घासणं झालं, तेही आतल्या कडेवर. म्हणून तिरकं स्टेअरिंग दिसलं की टाळाटाळ करू नये म्हणतात. एरवी नवीन टायरही वर्षभरात आतून गुळगुळीत होतात.

आणि ही वाटणी झाली म्हणूनच गाडी सरळ जात होती आणि स्टेअरिंग उजवीकडे होतं. ताईंनी पहिल्या दिवशी लिहिलेलं लक्षण प्रिंटशी तंतोतंत जुळतं.


काळीमाती
बुधवार, रात्री ९:४०

कॅम्बर लाल आला असता तर?


हिंगण्याचा फिटर
बुधवार, रात्री १०:०२

चांगला प्रश्न आहे. अशा लहान गाड्यांमध्ये पुढचा टो सोडून बाकी काही फिरवायला नसते. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) कंपनीने बसवून दिलेले, मागच्या बाजूला सरळ बीम. तेव्हा खड्ड्यानंतर एका बाजूचा कॅम्बर लाल आला तर समजायचं की काहीतरी वाकलं. लोअर आर्म, नकल (चाक ज्याच्यावर बसते तो भाग), नाहीतर शॉकअपचा स्ट्रट (वरून चाक धरणारा खांब). तिथे "ॲडजस्ट करून देतो" असं कोणी म्हटलं तर विचारायचं, कशाने? काही लोक स्ट्रटचं भोक घासून मोठं करतात आणि कॅम्बर हिरवा आणून देतात. वाकलेलं सामान तसंच राहते. हे करू देऊ नका.

बेटा, टायर किती घेतले?


मनीषनगरकरीण
बुधवार, रात्री १०:१५

अजून घेतले नाहीत काका, उद्या घेणार. दोन घेईन म्हणते. बाकीच्या दोघांवर साधारण ४ मिलिमीटर नक्षी आहे, चिरा नाहीत. साईडवॉलवर शेवटचे चार आकडे १४१९ आहेत, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा, बरोबर ना? दुकानदार म्हणतो नवीन दोन्ही पुढे टाकू.


आउटर रिंग
बुधवार, रात्री १०:२८

नवीन मागे टाकायला सांगा. दुकानदार नाराज होईल, तरी सांगा.

पावसात साचलेल्या पाण्यावर कमी नक्षीचं चाक आधी पकड सोडतं. पुढच्याने सोडली तर गाडी वळत नाही, सरळ जायला लागते. स्टेअरिंग हलकं लागतं, आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि पकड परत येते. मागच्याने सोडली तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि ते साध्या चालकाच्या हातात राहत नाही.


रोजचा कामठी रोड
बुधवार, रात्री १०:३३

मला पटत नाही. इंजिन पुढे, वजन पुढे, ब्रेक पुढे जास्त लागतो, स्टेअरिंग पुढे. मग चांगला टायर मागे कशाला? आणि एसटीला नवीन टायर पुढे लावतात आणि रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) मागे, हे तर मीही पाहिलंय. काका सांगतील.


हिंगण्याचा फिटर
बुधवार, रात्री ११:००

लावत होतो, बरोबर पाहिलं. पण बसला मागे एका बाजूला दोन चाकं असतात. एक गेलं तर दुसरं वजन धरते. पुढे एकच आहे, ते फुटलं तर स्टेअरिंग हातातून जाते. म्हणून तिथे पुढे नवीन. तो बसचा हिशोब कारला लावू नये. कारमध्ये मागे पण एकेकच चाक आहे.

मी माझ्या मुलाच्या गाडीला नवीन मागे लावले आहेत. पण एक अट. पुढे जाणारे जुने टायर आतून-बाहेरून चांगले असले पाहिजेत. बेटा, तुझे सहा वर्षांचे झाले, आणि नागपूरच्या ४५ डिग्रीत उभे राहून रबर कडक होते, नक्षी कितीही राहिली तरी. १४१९ तू बरोबर वाचलं. मागचे दोन काढून पुढे लावायच्या आधी ते सुद्धा आतून पाहा, चाक खालीच काढलेलं राहील. शिर्डीला जाऊन ये, ८०-९० च्या वर नको. आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत ते दोन्ही बदल.


संत्रा मार्केट
बुधवार, रात्री ११:०८

काका, असं कोणी आधी समजावून सांगितलं असतं तर माझे दोन टायर वाचले असते.


मनीषनगरकरीण
गुरुवार, सायंकाळी ७:३०

झालं. दोन नवीन, मागे बसवले. दुकानदाराने दोनदा विचारलं, मग बसवून दिले. पुढे आलेले जुने दोन आतून पाहिले, एकावरही काही नाही. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. फुगा आलेला टायर दुकानात ठेवला नाही, साईडवॉलला चिरा देऊन मगच सोडला, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या गाडीला लागायचा नाही. उजवीकडचा जुना टायर चांगला होता, तो आता स्टेपनीला आहे. त्यात हवा भरली.

येताना वर्धा रोडवर ८० पर्यंत नेली. स्टेअरिंग सरळ, थरथर शून्य. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी मान डोलावली.

त्या सांध्यावरच्या खड्ड्याची तक्रार फोटोसह केली आहे. तोपर्यंत आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांनी तिथे काठीला लाल कापड बांधून उभं केलंय. रात्री त्या बाजूने जाणाऱ्या दुचाकीवाल्यांची मला जास्त काळजी वाटते. माझा टायर गेला, त्यांचं माणूस जाईल.


रोजचा कामठी रोड
रविवार, दुपारी १:१५

ताई, शिर्डीला पोचलात का? कशी चालली गाडी?

आणि मला काकांना विचारायचं आहे. तुमचं वाचून आज सकाळी मी पण स्टेअरिंग फिरवून टॉर्च मारला. फुगा नाही, पण पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे, एके ठिकाणी तार दिसून राहिली. बाहेरून नक्षी अजून चांगली आहे. मी दर ५,००० ला अलाइनमेंट केली आहे काका. एकदाही चुकवली नाही.


मनीषनगरकरीण
रविवार, दुपारी १:४०

हो, काल संध्याकाळी पोचलो. ८५ धरून चालवली, वाटेत दोनदा थांबून चारही टायर आतून-बाहेरून पाहिले. आईला त्रास झाला नाही. दादा, तार दिसत असेल तर ती गाडी आज काढू नका.


हिंगण्याचा फिटर
रविवार, दुपारी २:०५

आज नाहीच काढायची. उजव्या टायरची आतली कड कशी आहे? आणि एवढ्या अलाइनमेंटची एक तरी प्रिंट आहे का जवळ?


रोजचा कामठी रोड
रविवार, दुपारी २:१२

उजवा चांगला आहे. प्रिंट कधी मागितलीच नाही काका. "झालं" म्हणायचे, मी पैसे द्यायचो.


हिंगण्याचा फिटर
रविवार, दुपारी २:३०

टो बिघडला असता तर दोन्ही चाकं झिजली असती. एकच झिजलं म्हणजे कॅम्बर. डावीकडे काहीतरी वाकलं आहे आणि पुष्कळ दिवसांपासून वाकलेलं आहे. दर वेळी त्यांनी टो हिरवा करून दिला असेल, कॅम्बर लालच राहिला असेल. त्या जागी स्टेपनी लाव, जवळचं गॅरेज असेल तिथपर्यंत सावकाश ने. आधी लिफ्टवर डावा लोअर आर्म आणि स्ट्रट उजव्याच्या शेजारी धरून पाहायला लाव. दोन्ही आकार सारखे दिसले पाहिजेत. नवीन टायर त्याच्यानंतर. आणि या वेळी मशीनसमोर तू स्वतः उभा राहा, आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट घेऊन इथे टाक. मी पाहतो.